लाइट गेली, डाव गेला : दुसरी लाइन घ्यावी का?

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. दुसरी शिफ्ट संपवून घरी आलो की रात्री बारानंतर तासभर मोबाइलवर पोकर खेळतो. आपल्याकडची ॲप बंद झाल्यापासून बाहेरच्या एका साइटवर खेळतो. मागच्या महिन्यात माझ्या हातात राण्यांची जोडी होती, टेबलावर आणखी एक राणी आणि दोन दश्श्या पडल्या होत्या. समोरच्याने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. मला फक्त एक बटण दाबायचं होतं. तेवढ्यात लाइट गेली. घरात इन्व्हर्टर आहे, पंखा चालू राहिला, वायफायची खूणही पूर्ण दिसत होती, पण टेबल गोठलं. परत जोडलं गेलं तेव्हा माझे पत्ते टाकून झालेले आणि पॉट त्याच्याकडे. मित्र म्हणतो दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घे. आमचा केबलवालाच दुसरं कनेक्शन स्वस्तात देतो म्हणतोय. घेऊ का? की मोबाइलचा हॉटस्पॉट पुरेल? — एक वाचक, कुपवाड

उत्तर : केबलवाल्याकडून दुसरं कनेक्शन घेऊ नका. हॉटस्पॉट पुरतो, मात्र तो आधी तयार ठेवावा लागतो. आणि पैसे लावून खेळायच्या टेबलासाठी यातलं काहीही करू नका. हे शेवटचं मी मनापासून सांगतोय. पण तुम्ही तांत्रिक प्रश्न विचारलाय, तर आधी त्याचं नीट उत्तर देतो. ते तुम्हाला घरातल्या इतर कामांसाठीही लागेल.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात. पंखा फिरत होता, वायफायची खूण पूर्ण होती, तरी टेबल गोठलं. म्हणजे घरात वीज होती आणि राउटरही चालू होता. बंद पडलं ते घराबाहेरचं काहीतरी.

घरात तारेने इंटरनेट येतं ते मुख्यतः दोन तऱ्हांनी. एकात कंपनीच्या केंद्रापासून थेट तुमच्या भिंतीपर्यंत फायबर असतं. वाटेत तो फाटे फोडून अनेक घरांत वाटला जातो, पण फाटे फोडणाऱ्या त्या डबीला विजेची गरज नसते. कॉलनीची लाइट गेली तरी केंद्रात वीज आहे आणि तुमच्या घरात इन्व्हर्टर आहे, एवढ्यावर लाइन चालू राहते. दुसऱ्या तऱ्हेत फायबर येतो फक्त गल्लीतल्या खांबापर्यंत किंवा कुणाच्या तरी गच्चीपर्यंत. तिथे एका पत्र्याच्या पेटीत स्विच बसवलेला असतो आणि त्यातून प्रत्येक घरात साधी लॅन केबल सोडलेली असते. ही पेटी कुणाच्या तरी मीटरवरच्या विजेवर चालते. आत बॅटरी असली तर काही वेळ तग धरते, नसली किंवा जुनी झालेली असली तर गल्लीबरोबर तीही जाते. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय.

खात्री करायची असेल तर उद्या सकाळी राउटरच्या मागे बघा. बाहेरून येणारी वायर बारीक असेल आणि टोकाला हिरवी किंवा निळी चौकोनी टोपी असेल, तर फायबर घरापर्यंत आलाय. वायर जाडसर असून टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकची क्लिप असेल, तर ती लॅन केबल आहे आणि पेटी बाहेर कुठेतरी आहे. फायबर असेल तर त्याच्या डब्यावर ‘लॉस’ नावाचा छोटा दिवा असतो. तो लाल झाला की बाहेरची लाइन तुटली किंवा बंद पडली असं समजायचं.

आता केबलवाल्याच्या स्वस्त दुसऱ्या कनेक्शनचं बघा. ते त्याच पेटीतून येणार, त्याच खांबावरून. लाइट गेली की दोन्ही एकदम जाणार. कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरीसुद्धा हे होऊ शकतं, आणि मी ते स्वतः भोगलंय. मिरजेत माझ्या घरी दोन कंपन्यांची दोन कनेक्शनं होती, बिलंही वेगळी यायची, आणि आपली सोय पक्की आहे या समजात मी वर्षभर होतो. एके दिवशी उसाने भरलेली ट्रॉली गल्लीतून वळली. वरच्या मोळीत लोंबणारी केबल अडकली आणि ट्रॅक्टरबरोबर पुढे गेली. दोन्ही वायरी एकाच खांबावर एकाच तारेने बांधलेल्या होत्या, तिथूनच दोन्ही तुटल्या. त्या दुपारी मी खाली उभा राहून पहिल्यांदा वर बघितलं आणि माझ्या दोन्ही कनेक्शनांची वाट मला दिसली. कनेक्शन घेताना बघायला हवी होती ती तेव्हा.

म्हणून दुसरी लाइन घेताना विचारायचं ते हे, की तिची वाट वेगळी आहे का आणि तिची वीज वेगळी आहे का. पहिली जमिनीवरून किंवा खांबावरून येत असेल तर दुसरी हवेतून, म्हणजे मोबाइल टॉवरवरून आलेली बरी. टॉवरखाली बॅटऱ्यांची रांग असते, बऱ्याच ठिकाणी जनरेटरही असतो, त्यामुळे गल्लीतली लाइट तासभर गेली तरी टॉवर सहसा चालू राहतो. कायमचा मात्र नाही. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. कुपवाड नदीपासून लांब, उंचावर आहे. पण अशा वेळी वीज दिवसेंदिवस नसते आणि डिझेल पोचवायला रस्ता नसतो. तेव्हा आपलं घर कोरडं असण्याचा टॉवरच्या बॅटरीला काही उपयोग नाही.

पोकरला डेटा किती लागतो? अगदी थोडा. पत्ते, चिप्सचे आकडे आणि कोणाची पाळी, एवढंच ये-जा करतं. व्हिडिओच्या मानाने ते नगण्य आहे. साधं ४जी भरपूर झालं, त्यासाठी ५जी किंवा शंभर एमबीपीएसचा प्लॅन घ्यायची गरज नाही. महत्त्व आहे ते जोडणी न तुटण्याला, आणि तुटलीच तर ती किती सेकंदांत परत उभी राहते याला.

त्या रात्रीचे सेकंद मोजून बघू. लाइट गेली, पेटी बंद पडली. तुमचा राउटर चालू, म्हणून फोनला वायफाय पूर्ण दिसतंय. ‘वायफाय आहे’ आणि ‘वायफायमागे इंटरनेट आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गेल्याचं फोनच्या लक्षात यायला वेळ लागतो. तोवर तो त्याच दगडावर डोकं आपटत राहतो. मग कधीतरी तो मोबाइल डेटावर सरकतो. पण सरकताना तुमचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो. सर्व्हरच्या दृष्टीने जुना माणूस बोलता बोलता गप्प झाला आणि नव्या पत्त्यावरून कुणीतरी दार वाजवतंय. त्याला परत ओळख पटवावी लागते, मग टेबल नव्याने उघडतं. पोकरमध्ये एका पाळीला साधारण पंधरा ते तीस सेकंद मिळतात, शिल्लक असेल तर टाइम बँकचे, म्हणजे राखीव वेळेचे, आणखी थोडे. तुम्ही मात्र वायफायची पूर्ण खूण बघत, आता येईल, मग येईल, असं म्हणत बसलात. राउटरच बंद पडला असता तर वायफायची खूण गेली असती आणि फोन लगेच मोबाइल डेटावर गेला असता. म्हणजे त्या रात्री तुमच्या इन्व्हर्टरनेच तुम्हाला फसवलं.

त्यामुळे सगळ्यात स्वस्त उपाय हा, की अशा वेळी फोनवरचं वायफाय हाताने बंद करायचं. दोन सेकंदांचं काम आहे. शिवाय बहुतेक फोनांच्या वायफाय सेटिंगमध्ये, वायफायचं इंटरनेट कमजोर असेल तर मोबाइल डेटावर जा, अशा अर्थाचा पर्याय असतो. तो चालू ठेवा. सिम कुठल्या कंपनीचं घ्यावं हे जाहिरातीवरून ठरवू नका. जिथे बसून काम करता त्याच खोलीत, त्याच वेळी, शेजाऱ्याच्या नाहीतर भावाच्या फोनवर आधी बघा. एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि घरातल्या आतल्या खोलीत एकाच कंपनीची रेंज वेगवेगळी असते.

लॅपटॉपवर काम असेल किंवा घरात चार माणसं एका लाइनवर असतील, तर दोन लाइनी घेणारा राउटर मिळतो. एक फायबरची वायर आणि यूएसबीला डोंगल. त्यात ‘फेलओव्हर’ आणि ‘लोड बॅलन्सिंग’ असे दोन पर्याय असतात. फेलओव्हरमध्ये पहिली लाइन बंद पडली की दुसरी लागते. लोड बॅलन्सिंगमध्ये दोन्ही एकदम वापरल्या जातात, आणि हे ऐकायला चांगलं वाटलं तरी घरी त्रासदायक ठरतं. एकच माणूस एका मिनिटात दोन पत्त्यांवरून येतोय असं दिसलं की बँकेची साइट बाहेर काढते. फेलओव्हरच निवडा. पहिली लाइन गेल्याचं राउटर किती सेकंदांनी ताडतो तो आकडाही तपासा. तो एक मिनिटावर ठेवलेला असेल तर तुमचं मिनिट तिथेच गेलं.

विजेबद्दल एक बारीकशी गोष्ट. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर एक छोटं बटण असतं, त्यावर एका बाजूला ‘यूपीएस’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ लिहिलेलं असतं. ते नॉर्मलवर असेल तर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला किंचित जास्त वेळ लागतो. पंख्याला ते कळत नाही, पण राउटर तेवढ्यात बंद होऊन नव्याने सुरू होतो आणि पुढची दोन-तीन मिनिटं जातात. बटण यूपीएसवर करून बघा. किंवा राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, डब्याएवढाच. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही मिळून वीज अगदी कमी खातात, त्यामुळे तो काही तास पुरतो.

आता पोकरकडे येतो. जोडणी तुटली की काय करायचं, हा प्रश्न या खेळाला पहिल्यापासून सतावत आलाय. खऱ्या पैशांचा ऑनलाइन पोकर १९९८च्या जानेवारीत ‘प्लॅनेट पोकर’वर सुरू झाला, तो काळ टेलिफोनच्या तारेवरच्या इंटरनेटचा. लाइन तुटणं रोजचंच होतं. म्हणून सुरुवातीच्या बऱ्याच साइटांनी एक सोय केली : लाइन तुटली तर खेळाडूचे पत्ते टाकायचे नाहीत, त्याने तोपर्यंत जेवढे पैसे लावलेत तेवढ्यापुरता तो ऑल-इन समजायचा आणि शेवटी पत्ते उघडायचे. सोय माणुसकीची होती. लोकांनी तिचा काय उपयोग केला असेल? हात अर्धवट बरा असला आणि समोरच्याने मोठी रक्कम लावली की स्वतःच वायर ओढायची! जास्त पैसे न घालता शेवटपर्यंत पत्ते बघायला मिळायचे. मग साइटांनी ही सोय दिवसातून ठरावीक वेळाच देऊ केली आणि पुढे बहुतेक ठिकाणी ती बंदच झाली. कुपवाडात लाइट गेली की तुम्ही वायर काढली, हे दूरच्या सर्व्हरला कळायचा मार्ग नाही. म्हणून तो थोडा जास्त वेळ देतो आणि पत्ते टाकून देतो. तुमच्यावर झालेला हा अन्याय नियमातच बसणारा आहे. त्या क्षणी तुम्हाला मागे टाकणारा एकच हात शक्य होता, उरलेल्या दोन्ही दश्श्यांचा. तुमची हळहळ मला समजते.

तरीही या टेबलासाठी दुसरी लाइन घेऊ नका, आणि माझं ऐकाल तर पहिलीही त्यासाठी वापरू नका.

ऑनलाइन गेमिंगचा नवा केंद्रीय कायदा लोकसभेत २० ऑगस्ट २०२५ला आणि राज्यसभेत २१ ऑगस्टला मंजूर झाला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्याआधी सगळा वाद कौशल्य की नशीब यावर चालायचा. रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच म्हटलं होतं, आणि पोकरवाले त्याच्याच आधारावर आपली बाजू मांडत. नव्या कायद्याने तो फरकच काढून टाकला. पैसे लावून पैसे जिंकायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवायचा नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत. अशा खेळांचे पैसे पोचवायलाही बँकांना आणि पेमेंट कंपन्यांना मनाई. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे गेल्या, पण देशातल्या मोठ्या कंपन्यांनी संसदेच्या मंजुरीनंतर लगेचच पैशांची टेबलं बंद केली.

या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणून ‘मग मला काय होतंय’ असं वाटणं साहजिक आहे. होतं ते वेगळंच. बाहेरच्या साइटवर पैसे भरताना तुम्हाला कुणाचातरी यूपीआय किंवा खाते क्रमांक मिळतो. तो माणूस कोण, माहीत नाही. दर वेळी वेगळा. जिंकलेले पैसे अशाच कुठल्यातरी खात्यातून तुमच्याकडे येतात. ते खातं एखाद्या सायबर फसवणुकीच्या तक्रारीत अडकलेलं निघालं, तर पैशांच्या मागावर पोलिस आणि बँका तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि त्यावर होल्ड लागतो. तुमचा पगार जमा होतो तेच खातं असेल तर घरात किराणा भरायचे वांधे होतात, आणि होल्ड काढायला कुठल्या गावच्या, कधी कधी कुठल्या राज्याच्या पोलिस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. शिवाय त्या साइटने पैसे दिलेच नाहीत तर तक्रार कुणाकडे करणार? पत्ते खरंच पिसले जातात का, समोरचे पाच जण वेगळे आहेत की एकाच खोलीतले, हे तपासणारं तुमच्या बाजूचं कुणी नाही. तुम्ही वायर दुहेरी करायला निघालाय, आणि पैसे परत येण्याची वाट एकेरीसुद्धा धड नाही.

पोकरमधलं गणित तुम्हाला खरंच आवडत असेल, आणि पत्रावरून तसं वाटतं, तर नुसत्या खोट्या चिप्सवर खेळा. त्याला मनाई नाही. पैसे न लावता मन लागत नाही असं लक्षात आलं, किंवा गेलेला तो पॉट भरून काढायचाय म्हणून रोज रात्री हात फोनकडे जात असेल, तर १४४१६ वर फोन करा. टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं. पैसे अडकले किंवा फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार आहे. वायद्याचे सौदेही करतो. दुकानात दोन नामांकित कंपन्यांची फायबर कनेक्शनं घेतली, तरी रस्ता खोदला तेव्हा दोन्ही एकदम बंद पडली. मग दोन घेऊन उपयोग काय? — एक व्यापारी, सांगली

उत्तर : वरचं उसाच्या ट्रॉलीचं उदाहरण तुम्हालाही लागू आहे, फक्त तुमच्याकडे खांबाऐवजी चर होता. दोन कंपन्या पुष्कळदा एकाच चरातून केबल टाकतात, कारण रस्ता खोदायची परवानगी आणि खर्च दोन्ही मोठे. जेसीबीच्या दाताला कंपनी कळत नाही.

यात तुम्ही एकटे नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचं, म्हणजे एनएसईचं कामकाज सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबलं. देशातला सगळ्यात मोठा बाजार, दोन टेलिकॉम कंपन्यांच्या अनेक लाइनी, तरी दोन्हीकडच्या एकदम डळमळल्या. एनएसईने नंतर सांगितलेलं कारण तुमच्याच दुकानासारखं होतं : त्यांच्या दोन केंद्रांमधल्या रस्त्यावर चाललेली खोदाई आणि बांधकाम. दुपारी पावणेचारला बाजार परत उघडला आणि त्या दिवशी पाचपर्यंत चालवला. त्या चार तासांत ज्यांचे सौदे उघडे राहिले त्यांनी काय सोसलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

तुमच्यासाठी तीन गोष्टी. दोनपैकी एक फायबर बंद करून त्याजागी टॉवरवरून येणारं कनेक्शन घ्या. ब्रोकरचा फोनवर सौदा घेणारा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, मुनीमजींनाही माहीत असू द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सौदा घेतानाच स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरलेल्या पातळीला आला की आपोआप सौदा मिटवणारी ऑर्डर, लावा. ती ऑर्डर बाजाराच्या यंत्रणेत जाऊन बसते, तुमच्या दुकानाच्या संगणकात नाही. तुमचं इंटरनेट गेलं तरी ती तिथे उभी असते. पोकरवाल्या वाचकाला अशी सोय नव्हती, तुम्हाला आहे, आणि ती कुठल्याही दुसऱ्या लाइनीपेक्षा जास्त भरवशाची आहे. भाव एकदम उडाला तर ठरवलेल्या भावाला सौदा होईलच असं नाही, तेवढं मात्र धरून चाला.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, बुद्धिबळ खेळते. ऑनलाइन स्पर्धेत जिंकत असताना इंटरनेट गेलं आणि ती वेळ संपून हरली. रडून रडून झोपली. आयोजकांनी डाव परत खेळवायला हवा होता ना? — एक आई, विश्रामबाग

उत्तर : ताई, नियमाने नाही. ऑनलाइन बुद्धिबळात जोडणी सांभाळणं ही खेळाडूची जबाबदारी मानतात, आणि घड्याळ सर्व्हरवर चालू राहतं. वर पोकरच्या सोयीचं जे झालं तेच इथेही होईल, ही त्यामागची भीती. डाव बिघडला की वायर ओढायची सवय लागायला वेळ लागत नाही.

पण तिला एक गोष्ट जरूर सांगा. २०२०मध्ये कोरोनामुळे बुद्धिबळाचं ऑलिंपियाड ऑनलाइन झालं. भारताचा कर्णधार होता आपल्या नाशिकचा विदित गुजराथी. संघात नागपूरची दिव्या देशमुख होती, तेव्हा चौदा वर्षांची. ३० ऑगस्टला रशियाशी अंतिम सामना. पहिली फेरी ३-३ अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि दिव्या यांची जोडणी तुटली आणि दोघं वेळ संपून हरले. आधी रशियाला विजयी घोषित केलं गेलं. भारताने दाद मागितली. त्या दिवशी बिघाड या मुलांच्या घरात नव्हता. सेंच्युरीलिंक या कंपनीच्या जाळ्यातल्या बिघाडाने इंटरनेट जगभर अडखळलं होतं, अनेक देशांतल्या साइट त्यामुळे बंद पडल्या होत्या. शेवटी फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, दोन्ही संघांना सुवर्णपदक दिलं. बिघाड मधल्या वाटेवरचा आणि सगळ्यांनाच बसलेला होता, म्हणून तो निर्णय झाला. एकाच घरातली लाइन गेली असती तर झाला नसता. आणि अशा बिघाडापुढे घरात चार लाइनी असत्या तरी उपयोग नव्हता.

ती चौदा वर्षांची मुलगी जुलै २०२५मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकली. रडून झोपलेल्या मुलीला हे सकाळी सांगण्यासारखं आहे.

पुढच्या स्पर्धेआधी एवढं करा. तिच्या लॅपटॉपला तुमच्या फोनचा हॉटस्पॉट आधीच एकदा जोडून पासवर्ड साठवून ठेवा, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध होणार नाही. फोन पूर्ण चार्ज, डेटा शिल्लक. लॅपटॉपची बॅटरीही भरलेली. इंटरनेट गेलं तर काय करायचं याची तिच्याबरोबर दोनदा रंगीत तालीम करा : तुम्ही राउटरचं बटण बंद करा आणि तिला किती सेकंदांत परत डावात येता येतं ते मोजा. मुलांना हा खेळ फार आवडतो. आणि तिला पट मांडून समोर बसणाऱ्या माणसाशीही खेळू द्या. सांगली हे नूतन बुद्धिबळ मंडळ उभारणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांचं गाव आहे, बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे-ठिपसे याच गावातून पुढे गेल्या. समोरासमोरच्या खेळात लाइट गेली तर खिडकी उघडतात आणि डाव चालू राहतो.

सगळ्याच वाचकांना एक विनंती. इंटरनेटचा प्रश्न पाठवताना घरात येणारी वायर कोणती आहे, ती कुठल्या खांबावरून किंवा चरातून येते आणि लाइट गेल्यावर डब्यावरचा कोणता दिवा विझतो किंवा लाल होतो, एवढं जरूर लिहा. त्याशिवाय नेमकं उत्तर देता येत नाही.